मुलीला घेऊन पहिली अवे मॅच: काय काय सांभाळायचं?

कॉर्नरफ्लॅग
मंडळी, नमस्कार. गेली चौदा वर्षं आमच्या फुटबॉल टीमच्या घरच्या मॅचेस बघतोय. ठरलेली खुर्ची, ठरलेले शेजारी, ठरलेली कुरकुर. बाहेरच्या मॅचला मात्र एकदाही गेलो नाही. कधी सुट्टी नाही, कधी तिकीट नाही, आणि खरं सांगायचं तर कधी धीर नाही. आता कन्यारत्नाने (वय ११) हट्ट धरलाय. तिचं म्हणणं, टीव्हीवर त्या कोपऱ्यात कोंबलेले लोक सगळ्यात जास्त मजा करताना दिसतात, मग आपण तिथे का नाही? यावर काय बोलणार! लॉयल्टी पॉइंट (बाहेरच्या मॅचेसना गेल्यावर जमतात ते, त्यावर तिकीट मिळतं) माझ्याकडे शून्य, पण समोरची टीम तळाची आणि प्रवास लांबचा, त्यामुळे पॉइंटांची अट खाली आली आणि दोन तिकिटं मिळाली. पाहुण्यांचा स्टँड, मागून पाचवी रांग. ट्रेनने साडेतीन तास. मॅच शनिवारी संध्याकाळी साडेपाचची.

जर्सी घालून निघायचं की बॅगेत ठेवायची? मॅच संपल्यावर पाहुण्यांना आतच थांबवून ठेवतात म्हणतात, किती वेळ? सगळे सगळा वेळ उभेच असतात म्हणे, आणि आमची बाई चार फुटांची आहे. शिव्यांचं काय करायचं? बायकोचा एकच प्रश्न आहे, "परत किती वाजता?" त्याचंही उत्तर माझ्यापाशी नाही.

रुळावरचा
वहिनींचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आधी परतीची गाडी बघा, मग जायची.

साडेपाचला सुरू झालेली मॅच साडेसातच्या आसपास संपते. दोन हाफ, मधली १५ मिनिटं, वर इंज्युरी टाइम, आणि व्हीएआरची (व्हिडिओ बघून निर्णय तपासण्याची) पंचाईत झाली तर आणखी थोडा. पाहुण्यांना अर्धा तास थांबवलं तर आठ. स्टेशनपर्यंत चाल, आणि तीही एकट्याची नाही, हजारोंच्या घोळक्यातली. म्हणजे नऊच्या आधीच्या गाडीचा विचारच नको. शेवटच्या गाडीचाही नको. शेवटच्या आधीची धरा, म्हणजे ती चुकली तर एक हातात राहते. मी एकदा शेवटचीवर विसंबलो आणि रात्र स्टेशनच्या बाकावर काढली, गळ्यातला स्कार्फ उशाला घेऊन. एकट्याला चालतं ते, मुलीसोबत नाही.

आणखी एक. तिकीट काढण्यापूर्वी मॅचची वेळ पक्की झाली आहे ना, हे दोनदा बघा. टीव्हीसाठी मॅच शनिवारची रविवारी, रविवारची सोमवारी सरकते, आणि तुम्ही स्वस्तातलं, पैसे परत न मिळणारं तिकीट आधीच घेतलेलं असतं. या बाबतीत जर्मन लोकांना मानलं पाहिजे. सोमवार रात्रीच्या मॅचमुळे बाहेरगावच्या समर्थकाची मंगळवारची सुट्टीही जाते म्हणून त्यांनी रान उठवलं. फेब्रुवारी २०१८मध्ये फ्रँकफर्ट-लाइपझिग मॅचला मैदानावर टेनिस बॉलचा पाऊस पाडून खेळ थांबवला. शेवटी २०२१-२२च्या हंगामापासून बुंडेसलिगातल्या (त्यांच्या अव्वल लीगमधल्या) सोमवारच्या मॅचेस बंद झाल्या.

कॉर्नरफ्लॅग
वेळ पक्की आहे, बघितली. परतीची ९.२०ची घेतोय, त्यानंतर १०.१५ची आहे. धन्यवाद!

तिसरा_बदली
चौदा वर्षं घरच्या मैदानावर आणि एकही अवे नाही? तुम्ही आमचे सेंटर फॉरवर्डच आहात की काय? त्यांचाही बाहेर गोल नाही.
(हलके घ्या.)

ओळ_झेड
मी आठ वर्षांची असल्यापासून बाबांबरोबर जातेय, त्यामुळे लेकीच्या बाजूने लिहिते.

जर्सी आत घालू द्या, वर साधं जॅकेट, चेन गळ्यापर्यंत. स्कार्फ बॅगेत. स्टँडमध्ये शिरल्यावर काढा. बहुतेक ठिकाणी काही होत नाही, पण कुठल्या रस्त्यावर काय चालतं हे परक्या माणसाला कळत नाही, आणि ते शोधायला मुलीला सोबत नेऊ नये. बॅग छोटी घ्या. बऱ्याच मैदानांवर ए४ कागदापेक्षा मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत आणि मग ती ठेवायला जागा शोधत तुम्ही पहिला गोल बाहेरून ऐकता. (ऐकलाय. आवाजावरून कुणाचा ते लगेच कळतं. वाईट वाटतं.)

उभं राहण्याचं: हो, सगळे उभे राहतात. खुर्च्या असल्या तरी. मागून पाचव्या रांगेत तिला समोरच्या माणसाच्या पाठीशिवाय काही दिसणार नाही. लवकर पोहोचा आणि स्टुअर्डला (स्टँड सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला) विचारा, पुढे कठड्याजवळ दोघांना जागा देता का. लहान मूल बघितलं की बहुधा सोय करतात, आणि आपली माणसंही सरकून घेतात. अवे एंडला, म्हणजे पाहुण्यांच्या स्टँडमध्ये, तिकिटावरचा नंबर तसाही कुणी फारसा बघत नाही. फक्त पुढे बसलात तर बॉलवर लक्ष ठेवा. वॉर्म-अपमध्ये गोलमागे मारलेले शॉट थेट अंगावर येतात, तेव्हा फोनमध्ये डोकं नको.

तुमचा नंबर तिच्या खिशात कागदावर लिहून ठेवा. नेटवर्क अशा गर्दीत हमखास बसतं. आणि चुकामूक झाली तर भेटायची जागा आत शिरतानाच दाखवून ठेवा.

शिव्यांवर उपाय नाही. बाबांनी मला बसमध्येच सांगितलं होतं, "इथे जे ऐकशील ते इथेच ठेवून यायचं." मी बऱ्यापैकी पाळलं.

अगदीच धाकधूक असेल तर आधी तिला महिलांच्या संघाच्या एखाद्या बाहेरच्या मॅचला न्या. तिथे पुष्कळदा दोन्हीकडचे लोक शेजारी शेजारी बसतात, कुणी कुणाला थांबवून ठेवत नाही. प्रवासाची सवय होते, भीती मोडते.

जुना_लेफ्टबॅक
ओळ_झेड ताईंना +१. त्यात माझी एकच भर. गेटवर दाटी झाली असेल तर मुलीचा हात धरून बाजूला व्हा आणि थांबा. पहिली दहा मिनिटं चुकली तरी चालतील.

हे मी उगाच घाबरवायला लिहीत नाही. १५ एप्रिल १९८९ला इंग्लंडमधल्या हिल्सबरो मैदानावर जे लोक गेले होते तेही बाहेरगावी मॅच बघायलाच गेले होते. एफए कपची सेमीफायनल, तटस्थ मैदान. बाहेर गेटवर गर्दी तुंबली, पोलिसांनी एक मोठं गेट उघडलं आणि लोंढा सरळ मधल्या, आधीच भरलेल्या कुंपणबंद कप्प्यांत गेला. ९७ माणसांचा जीव गेला. दोष त्या प्रेक्षकांचाच असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. २०१६मध्ये ज्यूरीने स्पष्ट सांगितलं की प्रेक्षकांची चूक नव्हती. तेव्हाची ती कुंपणं गेली, पण 'पाहुणे म्हणजे आवरायचा कळप' ही नजर काही मैदानांवर अजून दिसते. तुम्हालाही दिसेल. वाद घालू नका, मुलगी सोबत आहे.

बाकी, पाहुण्यांना कुठे बसवतात याचा एक वेगळाच अभ्यास आहे. न्यूकॅसलच्या सेंट जेम्स पार्कला पार वरच्या मजल्यावर, चौदा जिने चढून. वर पोहोचेपर्यंत घोषणा द्यायला श्वास उरत नाही. खेळाडू मुंग्यांएवढे, पण अख्खं शहर दिसतं. लूटनच्या केनिलवर्थ रोडला याच्या उलट. राहत्या घरांच्या रांगेतच दार. त्यातून आत शिरायचं आणि लोखंडी जिन्यावरून लोकांच्या परसावरून चढत जायचं. खाली वाळत घातलेले कपडे, वर मॅच.

किती जणांना येऊ द्यायचं याचेही नियम ठरलेले आहेत. प्रीमियर लीगमध्ये ३,००० तिकिटं, आणि मैदान ३०,०००पेक्षा लहान असेल तर क्षमतेच्या १० टक्के. युरोपच्या स्पर्धांत किमान ५ टक्के. एफए कपमध्ये १५ टक्क्यांपर्यंत मागता येतात, म्हणून कपच्या मॅचला पाहुण्यांचा आवाज वेगळाच असतो. तिकिटाची कमाल किंमतही २०१६-१७पासून प्रीमियर लीगने ३० पौंडांवर बांधली. ती समर्थकांनी भांडून मिळवली, कुणी आपणहून दिलेली नाही.

सोफासेट
सगळं वाचलं. प्रामाणिक प्रश्न, राग नसावा. जायचे साडेतीन तास, यायचे साडेतीन, मध्ये उभं राहायचं, कोपऱ्यातून अर्धं मैदान दिसायचं, रिप्ले नाही, आणि वर हरायचं. घरी सोफ्यावर सगळे अँगल दिसतात. मी वीस वर्षं असाच बघतोय, आणि माझं प्रेम तुमच्यापेक्षा कमी आहे असं मला वाटत नाही. तुमच्या ओरडण्याने निकाल बदलतो का?

रुळावरचा
प्रेक्षकांमुळे निकाल बदलतो याला पुरावा आहे. २०२०-२१चा हंगाम आठवा. जवळजवळ सगळा रिकाम्या मैदानांवर झाला आणि इंग्लंडच्या अव्वल लीगच्या इतिहासात पहिल्यांदाच घरच्या विजयांपेक्षा बाहेरचे विजय जास्त झाले. एवढ्या वर्षांत कधी नाही, नेमकं तेव्हाच.

सोफासेट
म्हणजे होम क्राउडमुळे फरक पडतो हे सिद्ध झालं. कोपऱ्यातल्या तीन हजारांमुळे पडतो हे कुठे सिद्ध झालं?

रुळावरचा
...हा मुद्दा बरोबर आहे.

जुना_लेफ्टबॅक
सोफासेट यांच्या बाजूने मीच एक गोष्ट देतो. १९८५ला मिलवॉलच्या मॅचला दंगल झाल्यावर लूटनने १९८६-८७पासून पाहुण्या प्रेक्षकांना साफ बंदी घातली, चार हंगाम चालली. त्यापायी त्यांना त्या वर्षी लीग कपमधून काढून टाकलं. पण लीगमध्ये? त्याच पहिल्या हंगामात लूटन सातवे आले. त्यांच्या इतिहासातला सगळ्यात वरचा नंबर. आता बोला.

म्हणजे हिशेब मांडला तर आपण हरतो, हे मी चाळीस वर्षांपूर्वीच मान्य केलंय. पण पाहुणे नसलेली मॅच एकदा बघा. अर्जेंटिनात २०१३ला ला प्लाताच्या मॅचला एका पाहुण्या समर्थकाचा जीव गेला, त्यानंतर देशभर पाहुण्यांना बंदी आली. तिथल्या त्या काळातल्या डर्बीची (शेजारच्या दोन टीममधल्या मॅचची) रेकॉर्डिंग काढा. घरच्यांनी गोल केला की छप्पर उडतं. पाहुण्यांनी केला की अकरा माणसं मैदानावर एकमेकांना मिठ्या मारतात आणि बाकी स्टेडियममध्ये टाचणी पडली तर ऐकू येईल. तो गोल मला अनाथ वाटतो. कुणी घ्यायलाच नाही त्याला.

तिसरा_बदली
काका, आज फॉर्मात.

प्रेक्षक_क्र_१
थोडं अवांतर, पण संबंधित. आमच्या टीमची पाहुण्यांची तिकिटं कायम पॉइंटवाल्यांतच संपतात. होम एंडमधलं तिकीट काढून गुपचूप बसलं तर?

रुळावरचा
बहुतेक क्लबांच्या तिकिटाच्या अटींतच लिहिलेलं असतं की होम स्टँडमध्ये पाहुण्यांचे रंग दिसले, तर बाहेर काढू. पैसे परत नाही.

अर्धवेळ
मी हे केलंय, आणि पुन्हा करणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मैदानाचं नाव सांगत नाही. ऑफिसमधल्या एकाकडे सीझन तिकीट होतं, त्याच्या शेजारची जागा रिकामी, मला म्हणाला चल. राखाडी स्वेटर घालून गेले. तो म्हणाला, "फक्त तोंड बंद ठेव." सोपं वाटतं ना? पासष्टाव्या मिनिटापर्यंत ठेवलं. मग आमच्या राइट विंगरने आत वळून बॉल पलीकडच्या पोस्टला लावला. मी हलले नाही. शपथेवर सांगते, पापणीसुद्धा नाही. समोर, मैदानाच्या पलीकडे, आमची माणसं एकमेकांच्या अंगावर कोसळत होती आणि मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. आजूबाजूला चाळीस माणसं शिव्या घालतायत. मी पण मान हलवली, च्च च्च केलं. आमच्याच गोलवर! मला माझीच लाज वाटली.

मागच्या रांगेत एक म्हातारबाबा होते. ते वाकले आणि हळूच म्हणाले, "पोरी, पाय थांबव." उजवा पाय थडथड उडत होता, खुर्ची वाजत होती. मला पत्ताच नव्हता. मी पांढरीफटक. ते म्हणाले, "असू दे. मी पण एकदा तुमच्याकडे असाच बसलो होतो."

मॅच आम्ही जिंकलो. आजवर पाहिलेला सगळ्यात वाईट विजय. त्यापेक्षा आपल्या लोकांत उभं राहून हरलेलं परवडतं.

ओळ_झेड
"पाय थांबव" __/\__

जुना_लेफ्टबॅक
अर्धवेळ ताई, फारच छान. पण हे गुपचूप प्रकरण घाऊक झालं तर काय होतं तेही जगाने पाहिलंय. १४ एप्रिल २०२२, बार्सिलोना-फ्रँकफर्ट, युरोपा लीगची क्वार्टर फायनल. फ्रँकफर्टला अधिकृत तिकिटं ५,०००. बार्सिलोनाच्या कॅम्प नू मैदानात फ्रँकफर्टवाल्यांचे पांढरे कपडे मोजले तर अंदाजे ३०,०००! बाकीच्यांनी मिळेल तिथून, मिळेल त्याची तिकिटं गोळा केली होती. बार्साचे खेळाडू आपल्याच मैदानावर पाहुणे. ३-२ने हरले, अध्यक्षांना जाहीरपणे म्हणावं लागलं की लाज वाटली. फ्रँकफर्टने पुढे कपही उचलला.

पण माझ्या मते सगळ्यात मोठी स्वारी ५ डिसेंबर १९७६ची. ब्राझीलच्या लीगची सेमीफायनल, मैदान फ्लुमिनेन्सेचं, म्हणजे रिओतलं माराकाना. साओ पावलोहून कोरिन्थियान्सचे सुमारे ७०,००० लोक गेले. बस, गाड्या, जे मिळेल ते. चारशेहून जास्त किलोमीटर. पाऊस, चिखल, १-१, आणि पेनल्टीवर कोरिन्थियान्स. या मॅचला तिकडे सरळ 'आक्रमण' असंच नाव पडलंय. फायनल हरले ते सोडा. ती कुणाच्या लक्षात नाही.

तिसरा_बदली
साडेतीन तासांवरून रडणाऱ्यांसाठी: लूच व्लादिवोस्तोक २००६ ते २००८ रशियाच्या प्रीमियर लीगमध्ये होता. मॉस्कोहून ट्रेनने ९,२८८ किलोमीटर, सहा रात्री. एकाच देशात, एकाच लीगमध्ये. परतीची शेवटच्या आधीची गाडी कुठली ते रुळावरचा यांनी सांगावं.

रुळावरचा
परतीची नाहीच. तिथेच नोकरी शोधायची.

सोफासेट
मी अजूनही सोफ्यावरच आहे. पण अर्धवेळ यांचा प्रतिसाद बायकोला मोठ्याने वाचून दाखवला.

कॉर्नरफ्लॅग
मंडळी, जाऊन आलो. वृत्तांत देतो.

स्टेशनवर उतरलो तेव्हा जॅकेटची चेन गळ्यापर्यंत, दोघांचीही. बाहेर पडल्यावर पाहिलं तर आमचे शेकडो लोक जर्सीतच हिंडत होते आणि घरच्यांपैकी एकाने स्वतःहून आम्हाला रस्ता दाखवला. मुलीने माझ्याकडे असं काही पाहिलं! मी म्हटलं, नियम तो नियम.

एक तास आधी आत. स्टुअर्ड बाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि न विचारताच म्हणाल्या, पुढे कठड्याजवळ जा. तिथे आधीच पाच-सहा पोरं होती. म्हणजे मी तिला सोबत करायला गेलो आणि दहा मिनिटांत ती मला ओळखेनाशी झाली.

खेळाबद्दल काय लिहू. अर्ध्या तासात २-० मागे. दोन्ही कॉर्नरवरून, दोन्ही वेळा मार्किंग कुणाचं होतं हे आमच्या बचावफळीलाच ठाऊक. हाफटाइमनंतर तिसरा. घरच्या मैदानावर असतो तर सत्तराव्या मिनिटाला अर्धा स्टँड पार्किंगच्या दिशेने निघाला असता, मीही. इथे कुणी हललं नाही. (जाणार कुठे म्हणा, आपली गाडी ९.२०ची.) उलट हळूहळू गाणं वाढत गेलं. एक संपलं की दुसरं, एकदा तर तेच गाणं सलग दहा मिनिटं. समोरचे जिंकणारे लोक गप्प बसून आमच्याकडे बघत होते.

मग अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला आमचा एक गोल झाला. ३-१. काहीच अर्थ नसलेला गोल, कुणाच्या तरी गुडघ्याला लागून. आणि आमच्या कोपऱ्यात जे काही झालं ते मी चौदा वर्षांत पाहिलं नव्हतं. एका अनोळखी माणसाने मला उचललं. माझं वजन ८६ किलो आहे. खाली आलो तर चष्मा नाही, कन्या कठड्यावर अर्धी लटकलेली, आणि पाच पोरं तिचं जॅकेट धरून. चष्मा तीन रांगा खाली सापडला, एक काडी वाकडी. अजून तोच घालून हे लिहितोय.

मॅचनंतर पंचवीस मिनिटं थांबवलं. मला वाटलं होतं हा भाग कंटाळवाणा होईल. सगळं मैदान रिकामं, दिवे चालू, आणि सहा-सात माणसं हातात काटे घेऊन उखडलेली हिरवळ पायाने दाबत, टोचत, एका टोकाकडून दुसऱ्याकडे निघालेली. मुलीला यातच सगळ्यात जास्त रस. "रोज करतात का हे?" "आपल्याकडेही करतात?" चौदा वर्षांत मी कधी एवढा वेळ थांबलोच नव्हतो, मला काय माहीत! त्यातला एक जण आमच्या कोपऱ्याजवळ आला, तिने हात केला, त्याने काटा उंचावून सलाम ठोकला. घरी येऊन आईला आधी हे सांगितलं, मग स्कोअर.

९.२० मिळाली. रुळावरचा साहेब, धन्यवाद. घरी एक वाजता, आवाज पूर्ण बसलेला, तिचा आणि माझाही.

रुळावरचा
वहिनी काय म्हणाल्या?

कॉर्नरफ्लॅग
"एक वाजता म्हणाला होतास, एक वाजता आलास, पुढची कधी आहे?" आता मी जास्त काही बोलत नाहीये. पॉइंट मात्र झाला एक.

ओळ_झेड
वृत्तांत आवडला. लेकीने शब्द तिथेच ठेवले ना?

कॉर्नरफ्लॅग
एक सोडून सगळे.

तिसरा_बदली
तो एक कोणता???

कॉर्नरफ्लॅग
लाइन्समनबद्दल होता. इथे लिहिला तर धागा उडेल.